तार मुरते का? ध्वनी-नेटवर्क केबलच्या 'बर्न-इन'चा इतिहास

१. प्रस्तावना

संगीत ऐकण्याच्या उपकरणांची हौस असलेल्या मंडळींमध्ये तुम्ही बसलात, तर एक सल्ला हमखास कानावर पडेल. नवी केबल जोडल्याबरोबर तिच्याविषयी मत बनवू नका. शंभर-दोनशे तास तिच्यातून संगीत वाहू द्या, मग तिचा आवाज खुलेल. या क्रियेला 'बर्न-इन' म्हणतात. आधी हा सल्ला स्पीकरच्या तारांबद्दल दिला जाई. आता तो संगणकाच्या जाळ्यातील ईथरनेट केबलबद्दलही दिला जातो, कारण घरातले संगीत इंटरनेटवरून किंवा घरच्या सर्व्हरवरून याच केबलमधून येऊ लागले आहे.

मराठीत या कल्पनेसाठी एक नेमका शब्द आहे: मुरणे. लोणचे मुरते, लोखंडी तवा वापरून वापरून चांगला होतो, नवी गाडी सुरुवातीला बेताने चालवली की इंजिन मोकळे होते. मग तार का मुरू नये?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सांगणारे बहुतेक जण खोटे बोलत नसतात. त्यांना फरक खरोखर जाणवलेला असतो. अशा वेळी इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन गोष्टी वेगळ्या काढायच्या असतात: माणसाला आलेला अनुभव आणि त्या अनुभवाचे दिलेले कारण. अनुभव खरा असूनही कारण चुकीचे असू शकते. या पाठात आपण पाहणार आहोत की केबल मुरते ही समजूत कोणत्या खऱ्या गोष्टींपासून बनली, त्या गोष्टी मुळात कुठे लागू होत्या, आणि असा दावा तपासण्याची रीत माणसाने कशी शोधून काढली.

२. तार संकेत बिघडवते: अटलांटिक केबलचा धडा

पहिली खरी गोष्ट अशी की तार निरुपद्रवी नसते. तिच्यातून जाणारा संकेत ती बदलते. हे जगाला कळले ते समुद्राखालच्या तारायंत्रामुळे.

५ ऑगस्ट १८५८ रोजी आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांना जोडणारी पहिली अटलांटिक केबल टाकून पूर्ण झाली. राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेचे अध्यक्ष बुकॅनन यांना त्यावरून संदेश पाठवला. संदेश ९८ शब्दांचा होता आणि तो पोहोचायला सुमारे १६ तास लागले. लांब केबलमध्ये तांब्याची तार, तिच्यावरचे गटापर्चाचे आवरण आणि बाहेरचे समुद्राचे पाणी मिळून विजेचा साठा करणारी एक प्रचंड रचना तयार होते. एका टोकाला दिलेला तीक्ष्ण ठोका दुसऱ्या टोकाला पसरट, रेंगाळलेला होऊन बाहेर पडतो. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५५ मध्येच गणिताने दाखवले होते की हा विलंब केबलच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लांबी दुप्पट झाली की विलंब चौपट.

कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांना हे गणित मान्य नव्हते. ते पेशाने शल्यवैद्य होते आणि त्यांचा आपल्या प्रयोगांवर व हातच्या अनुभवावर विश्वास होता. संकेत क्षीण येतो तर जोर वाढवा, या विचाराने त्यांनी केबलला सुमारे २००० व्होल्टचा दाब दिला. बनावटीत आधीच दोष असलेली ती केबल साधारण तीन आठवड्यांत निकामी झाली. पुढे सरकार आणि कंपनी यांनी मिळून चौकशी समिती नेमली, तिचा अहवाल १८६१ मध्ये आला, आणि केबलची शुद्धता, रोध व आवरण मोजून पाहण्याची पद्धत रुजली. १८६६ मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या जहाजाने टिकाऊ अटलांटिक केबल टाकली. याच जहाजाने १८७० मध्ये मुंबई ते एडन केबल टाकली आणि भारत समुद्रमार्गे लंडनशी तारेने जोडला गेला.

पुढे ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८७६ ते १८८७ या काळात तारेतील रोध, धारिता, प्रेरकत्व आणि गळती यांचा मिळून संकेतावर काय परिणाम होतो याची समीकरणे मांडली. दूरध्वनीच्या लांब तारांवर बोलणे स्पष्ट ऐकू यावे म्हणून ठरावीक अंतरावर वेटोळी बसवण्याची युक्ती याच सिद्धांतातून निघाली. तेव्हा 'तारेला आवाज असतो' हे विधान त्या काळातल्या दूरध्वनी अभियंत्याला अजिबात वेडगळ वाटले नसते. तो एवढेच विचारी: तार किती लांब, किती जाड, आणि मोजमाप काय सांगते?

३. 'बर्न-इन' हा शब्द मुळात कशासाठी होता?

दुसरी खरी गोष्ट अशी की बर्न-इन नावाची प्रक्रिया इलेक्ट्रॉनिक उद्योगात खरोखर आहे. तिचा अर्थ मात्र वेगळा आहे.

दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर लष्करी उपकरणांतील निर्वात नलिका वारंवार निकामी होत. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९५२ मध्ये इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या भरवशाविषयी एक सल्लागार गट नेमला. त्याचा अहवाल १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. या आणि अशा अभ्यासांतून एक नियम पुढे आला. पुष्कळ सुटे भाग एकदम वापरायला काढले, तर सुरुवातीच्या काळात बरेच निकामी होतात, मग दीर्घकाळ फारसे होत नाहीत, आणि अखेरीस झिजल्यामुळे पुन्हा होऊ लागतात. आलेख काढला तर तो आंघोळीच्या टबाच्या उभ्या छेदासारखा दिसतो, म्हणून त्याला 'बाथटब वक्र' असे नाव पडले.

सुरुवातीला निकामी होणारे भाग म्हणजे ज्यांच्या घडणीतच दोष राहून गेला ते. विमानात किंवा उपग्रहात बसवल्यावर ते बिघडण्यापेक्षा कारखान्यातच बिघडलेले बरे. म्हणून भाग मुद्दाम तापवून, वीज देऊन काही तास चालवायचे. १९६८ मध्ये प्रथम निघालेल्या अमेरिकी लष्करी मानक ८८३ मध्ये अर्धवाहक भागांसाठी ही चाचणी आहे. १२५ अंश सेल्सिअसला १६० तास ही तिची ओळखीची अट.

या प्रक्रियेने चांगला भाग अधिक चांगला होत नाही. ती कच्चे भाग मारून टाकते. सुपात धान्य पाखडले की खडे आणि फोल वेगळे होतात, दाणा होता तसाच राहतो. तशी ही निवड आहे. संगीतशौकिनांच्या भाषेत आल्यावर मात्र याच शब्दाचा अर्थ 'चांगला भाग वापराने फुलवणे' असा झाला. शब्द तोच राहिला, तासांचा हिशेबही राहिला, आशय उलटला. शब्द एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात जाताना आपली प्रतिष्ठा बरोबर नेतो आणि अर्थ मागे सोडतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

वापराने काही भाग बदलतात हेही खरे आहे. नव्या स्पीकरच्या शंकूला धरून ठेवणारी कापडी घडी आणि कडेचे रबर हलून हलून किंचित सैल होतात. शंकूची नैसर्गिक कंपनसंख्या थोडी खाली येते आणि ती मोजता येते. ॲल्युमिनियमच्या विद्युत-अपघटनी धारित्रात ऑक्साइडचा पातळ थर असतो. तो वीज देऊनच घडवावा लागतो आणि फार दिवस पडून राहिलेल्या धारित्रात पुन्हा जमवावा लागतो. इंजिनात घासणारे पृष्ठभाग एकमेकांशी जुळतात. प्रत्येक ठिकाणी काय बदलते हे दाखवता येते. केबलबाबत हाच प्रश्न विचारायचा: तिच्यात हलणारे, घासणारे किंवा रासायनिक रीतीने घडणारे काय आहे?

४. तार दिवाणखान्यात येते

१९७० च्या दशकापर्यंत घरातल्या स्पीकरला टेबलावरच्या दिव्याला वापरतात तशी साधी दुपदरी तार जोडत. त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नोएल ली यांनी 'मॉन्स्टर केबल' ही कंपनी काढली आणि जाड, देखणी स्पीकर केबल स्वतंत्र वस्तू म्हणून विकायला आणली. तेव्हापासून केबल हा ध्वनियंत्रणेचा एक निवडण्याजोगा घटक ठरला.

यातही तथ्याचा अंश होता. थोडा हिशेब करू. स्पीकर १० मीटर अंतरावर असेल तर वीज जाऊन-येऊन २० मीटर तारेतून फिरते. २४ गेजची बारीक तार घेतली तर रोध सुमारे १.७ ओहम होतो, १६ गेजची घेतली तर सुमारे ०.२६ ओहम. स्पीकर ८ ओहमचा धरला तर बारीक तारेमुळे आवाजाची पातळी सुमारे १.७ डेसिबलने उतरते, जाड तारेमुळे ०.३ डेसिबलपेक्षाही कमी. पहिला फरक लक्षपूर्वक ऐकणाऱ्याला कळू शकतो. दुसरा संगीत ऐकताना कळणे अवघड. म्हणजे तार पुरेशी जाड हवी हे खरे, आणि पुरेशी जाड झाल्यावर पुढे पैसे टाकून फारसे काही मिळत नाही हेही तितकेच खरे.

बाजाराला मात्र 'पुरेसे' हा शब्द परवडत नाही. जाडी संपल्यावर तांब्याची शुद्धता, चांदीचा मुलामा, तारेची दिशा आणि मुरण्याचे तास असे नवे गुण पुढे आले. यातला शेवटचा गुण विक्रेत्याच्या विशेष सोयीचा आहे. केबल घरी नेल्यावर फरक वाटला नाही, तर उत्तर तयार असते: अजून मुरली नाही. तितके तास भरेपर्यंत परत देण्याची मुदतही संपलेली असू शकते.

५. नेटवर्क केबलमधून नेमके काय वाहते?

आतापर्यंतचा इतिहास ॲनालॉग संकेतांचा होता. त्यात तारेतल्या विजेची लाट हीच ध्वनीची प्रतिमा असते. लाट जरा वाकडी झाली की ध्वनी वाकडा. या दुबळेपणावर इलाज म्हणूनच डिजिटल पद्धत जन्माला आली. १९३७ मध्ये ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याने पॅरिसमध्ये काम करताना दूरध्वनीचा आवाज आकड्यांत बदलून पाठवण्याची कल्पना मांडली. लांबच्या मार्गावर प्रत्येक टप्प्याला संकेत वाढवावा लागे आणि त्याबरोबर खरखरही वाढत जाई. आकडा पाठवला तर पुढच्या टप्प्याने फक्त 'शून्य की एक' एवढेच ओळखायचे आणि कोरा आकडा पुन्हा लिहायचा. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी गोंगाट असलेल्या मार्गावरूनही एका ठरावीक मर्यादेपर्यंत जवळजवळ निर्दोष संदेश पाठवता येतो हे गणिताने दाखवले. १९५० मध्ये रिचर्ड हॅमिंग यांनी चुका शोधून दुरुस्त करणारे संकेत मांडले.

ईथरनेट या परंपरेतले आहे. रॉबर्ट मेटकाफ यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात २२ मे १९७३ च्या टिपणात त्याची कल्पना मांडली. १९८३ मध्ये ८०२.३ हे मानक मंजूर झाले, १९९० मध्ये ते पीळ दिलेल्या जोडतारांवर आले आणि १९९९ मध्ये याच तांब्याच्या तारांवरून सेकंदाला १०० कोटी बिट पाठवणारे रूप ठरले.

आता चार गोष्टी ध्यानात घ्या.

पहिली: माहिती छोट्या चौकटींमध्ये जाते आणि प्रत्येक चौकटीच्या शेवटी ३२ बिटांची तपासणी-संख्या असते. चौकट वाटेत बिघडली तर घेणारे यंत्र ही संख्या पुन्हा काढते, ती जुळत नाही आणि चौकट फेकून दिली जाते. बिघडलेली चौकट योगायोगाने खरी वाटण्याची शक्यता ढोबळमानाने ४२९ कोटींत एक.

दुसरी: सीडीच्या दर्जाचे संगीत म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन बाजू, मिळून १४,११,२०० बिट. सेकंदाला १० कोटी बिट नेणाऱ्या साध्या केबलचा हा दीड टक्काही नाही. गिगाबिट ईथरनेटच्या मानकात १००० कोटी बिटांत एकापेक्षा जास्त चूक होऊ नये अशी अपेक्षा आहे. संगीत ऐकवणाऱ्या बहुतेक सेवांत हरवलेला तुकडा पुन्हा मागवला जातो. स्टुडिओ आणि सभागृहांतील थेट ध्वनिजाळ्यांत पुन्हा मागवायला वेळ नसतो. तेथे तुकडा हरवला तर आवाज तुटतो किंवा टक्क असा ठोका ऐकू येतो. केबल खराब असेल तर दोष असा रोखठोक कळतो. तबल्याचा नाद गोल होणे किंवा गायिकेचा आवाज मऊ होणे अशा रूपात तो येऊच शकत नाही, कारण त्यासाठी हजारो आकडे एका विशिष्ट संगीतमय रीतीने बदलावे लागतील आणि प्रत्येक चौकटीची तपासणी-संख्याही जुळावी लागेल.

तिसरी: तारेवर चढवण्याआधी बिट मुद्दाम विस्कटले जातात, म्हणजे वरून पाहता त्यांना काही आकृतिबंध राहू नये. वर, सेवा देणाऱ्याने माहिती कूटबद्ध केली असेल तर ती आधीच विस्कटलेली असते. त्यामुळे तारेच्या दृष्टीने भीमसेन जोशींचा यमन आणि बँकेचा हिशेब यांत काही फरक नाही. जोडणी चालू असेल तर संगीत बंद असतानाही तारेवर संकेत धावत असतात. 'संगीत वाजवून केबल मुरवा' या सल्ल्याला येथे अर्थच उरत नाही: केबलला संगीत कधी दिसतच नाही.

चौथी: तांब्यात बदल घडवायला लागणारी ऊर्जा येथे नाही. तांबे वितळते १०८५ अंश सेल्सिअसला. ओढून कडक झालेली तार मऊ करायलाही ती शेकडो अंशांपर्यंत तापवावी लागते. नेटवर्क केबलमधला संकेत काही मिलिवॅटचा असतो.

शौकीन मंडळींचा एक आक्षेप मात्र प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. आकडे तेच राहिले तरी केबलमधून विजेची खरखर ध्वनियंत्रापर्यंत पोहोचू शकते, असे ते म्हणतात. तत्त्वतः हे खरे आहे. धातूचे कवच असलेल्या केबलने दोन उपकरणांची जमीन-जोडणी एक झाली तर घुमघुम ऐकू येऊ शकते. ईथरनेटच्या मानकात १५०० व्होल्ट सोसणाऱ्या विलगीकरणाची अट आहे. पण हा दोष जोडणीच्या रचनेचा आहे. तो पहिल्या दिवशी जितका असेल तितकाच दोनशे तासांनंतर राहील.

६. कानांना कौल कसा लावायचा?

एवढे सांगूनही कोणी म्हणेल, "तुमचे गणित राहू द्या, मला फरक ऐकू आला." या वाक्याला उत्तर देण्याची रीत ध्वनिशास्त्राच्याही आधी वैद्यकात सापडली.

१७९६ मध्ये अमेरिकेतील एलिशा पर्किन्स या वैद्याने धातूच्या दोन टोकदार कांड्यांचे पेटंट घेतले. दुखऱ्या जागेवरून त्या फिरवल्या की वेदना जाते, असा दावा होता, आणि कारण म्हणून खास मिश्रधातूचे गुण सांगितले जात. १७९९ मध्ये इंग्लंडमधील बाथ येथे डॉ. जॉन हेगार्थ यांनी तशाच दिसणाऱ्या लाकडी कांड्या बनवून रुग्णांवर वापरल्या. बहुतेकांना तसाच आराम वाटला. हेगार्थ यांनी रुग्णांना ढोंगी म्हटले नाही. आराम खरा होता. धातूचा त्याच्याशी संबंध नव्हता.

१९०३ मध्ये फ्रान्समधील नान्सी येथील भौतिकशास्त्रज्ञ रेने ब्लोन्दलो यांनी 'एन-किरण' शोधल्याचे जाहीर केले. अंधुक ठिणगीच्या तेजात झालेली वाढ डोळ्यांनी टिपून हे किरण ओळखायचे होते, आणि अनेक शास्त्रज्ञांना ते दिसलेही. १९०४ मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड प्रयोगशाळेत गेले, अंधारात त्यांनी उपकरणातला प्रिझम हळूच काढून घेतला, आणि तरीही निरीक्षकाला पूर्वीसारखीच दृश्ये दिसत राहिली. प्रशिक्षित माणसाची इंद्रियेही अपेक्षेप्रमाणे चालतात, हा त्याचा धडा.

या अनुभवांना आकड्यांची शिस्त दिली रोनाल्ड फिशर यांनी. चहात आधी दूध घातले की नंतर, हे चवीवरून ओळखते असे सांगणाऱ्या एका बाईंची परीक्षा त्यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात उदाहरण म्हणून घेतली. आठ कप, चारांत दूध आधी, चारांत नंतर, क्रम अनिश्चित. निव्वळ अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये १. यात बाईंचा अपमान नाही. उलट त्यांचा दावा सिद्ध करण्याची न्याय्य संधी आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ मध्ये कलकत्त्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली होती. १९३८ मध्ये तेथे भरलेल्या पहिल्या भारतीय सांख्यिकी परिषदेचे अध्यक्षपद फिशर यांनीच भूषवले. प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावण्यात फारसा उपयोग नाही, तो आधी बोलवावा, हा विचार त्यांनी तेथे मांडला.

ध्वनीच्या क्षेत्रात १९५० मध्ये बेल प्रयोगशाळेतील मन्सन आणि गार्डनर यांनी 'एबीएक्स' नावाची चाचणी वर्णन केली. अ आणि ब हे दोन आवाज ऐकवायचे, मग एक क्ष ऐकवायचा. क्ष हा अ आहे की ब, एवढेच सांगायचे. डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये या तत्त्वावरचे घरगुती ध्वनियंत्रांसाठीचे उपकरण अभियंत्यांच्या नियतकालिकात मांडले. त्यात क्ष कोणता हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि चाचणी घेणाऱ्यालाही.

७. केबलच्या चाचण्यांत काय आढळले?

१९८३ मध्ये 'स्टीरिओ रिव्ह्यू' या अमेरिकी मासिकासाठी लॉरेन्स ग्रीनहिल यांनी स्पीकर केबलची अशी चाचणी घेतली. २४ गेजची बारीक तार चाचणी-ध्वनीवर ओळखली गेली, आणि त्याचे कारण मुख्यतः पातळीतला फरक हे होते. संगीत ऐकवताना १६ गेजची साधी दिव्याची तार आणि महाग केबल यांत खात्रीचा फरक दाखवता आला नाही. वर आपण केलेला हिशेब हेच सांगत होता.

नेटवर्क केबलकडे वळू. २००८ मध्ये डेनॉन कंपनीने आपली उपकरणे जोडण्यासाठी दीड मीटरची एक केबल सुमारे ५०० डॉलरला विक्रीस ठेवली. तिचे टोक नेहमीच्या नेटवर्क केबलसारखेच होते आणि संकेताची दिशा दाखवणारी खूणही तिच्यावर होती. २०१५ मध्ये 'आर्स टेक्निका' या तंत्रज्ञानविषयक प्रकाशनाने लास व्हेगास येथील एका परिषदेत सुमारे ३४० डॉलरची ईथरनेट केबल आणि साधी केबल यांची अंध तुलना घडवली. भाग घेणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही.

८. मग बदलते ते काय?

दोनशे तासांत केबल बदलत नाही, ऐकणारा बदलतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवले की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती अधिक आवडू लागते. रोज एकाच यंत्रणेवर तीच गाणी ऐकली की त्यातले बारकावे ओळखीचे होतात. शिवाय ध्वनीची नेमकी आठवण काही सेकंदच टिकते; दोन आठवड्यांपूर्वीच्या आवाजाशी आजच्या आवाजाची तुलना करणे म्हणजे आठवणीच्या आठवणीशी तुलना करणे. आवाज किंचित मोठा असला तरी तो 'स्वच्छ' वाटतो. आणि पैसे खर्च केले की मन ते सार्थकी लागल्याची साक्ष शोधते.

आणखी एक खूण पाहा. मुरण्याच्या कथांमध्ये केबल जवळजवळ नेहमी सुधारते. भौतिक बदल माणसाची आवड विचारून होत नाहीत; ते खरे असते तर काही केबल मुरल्यावर बिघडल्याच्याही तितक्याच कथा ऐकू आल्या असत्या. बदल जर ऐकणाऱ्याच्या सवयीत असेल, तर तो एकाच दिशेने होणे स्वाभाविक आहे.

९. स्वतः तपासून पाहा

यासाठी महाग प्रयोगशाळा लागत नाही. पहिला प्रयोग: एक मोठी ध्वनिफीत-फाइल नव्या केबलवरून एका संगणकातून दुसऱ्यात न्या आणि दोन्हीकडच्या फाइलचा 'शा-२५६' ठसा काढा. हीच कृती महिनाभर वापरलेल्या केबलवर करा. चारही ठसे जुळले की आकडे जसेच्या तसे पोहोचले हे सिद्ध झाले. दुसरा प्रयोग: ध्वनियंत्रातून बाहेर पडणारा आवाजच दोन्ही केबल वापरून ध्वनिमुद्रित करा आणि संगणकावर एक मुद्रण दुसऱ्यातून वजा करा. उरते ते ऐका. तुलनेसाठी तीच केबल दोनदा वापरून मुद्रण करायला विसरू नका, कारण यंत्राची स्वतःची खरखर त्यातूनच कळेल.

तिसरा प्रयोग कानांचा. एकाच खोक्यातल्या दोन सारख्या केबल घ्या. एक दोनशे तास वापरा, दुसरी तशीच ठेवा. तिसऱ्या मित्राने नाणे उडवून क्रम ठरवावा आणि पडद्यामागे केबल बदलावी. सोळा फेऱ्या घ्या. निव्वळ अंदाजाने १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३.८ टक्के आहे. बारा आली तर चाचणी पुन्हा घ्या. पुन्हा आली तर तुम्हाला काही महत्त्वाचे सापडले आहे आणि ते प्रसिद्ध केले पाहिजे. फेऱ्या किती हे आधी ठरवा. हवा तो निकाल येईपर्यंत चाचणी लांबवणे ही लबाडी आहे, मग ती नकळत का होईना.

१०. समारोप

केबल मुरते ही समजूत हवेतून आलेली नाही. तार संकेत बिघडवते हे समुद्राखालच्या केबलबाबत खरे होते. बर्न-इन लष्करी सुट्या भागांबाबत खरे होते आणि आहे. वापराने वस्तू खुलते हे इंजिन आणि स्पीकर यांच्याबाबत खरे आहे. तीन खऱ्या गोष्टी आपापल्या जागेवरून उचलून जिथे त्या लागू नाहीत तिथे एकत्र बसवल्या, की खरी वाटणारी चौथी गोष्ट तयार होते. विसंगती अशी की ज्या ठिकाणी ती बसवली, ती डिजिटल जाळ्याची रचना तारेच्या खोड्यांपासून संदेश वाचवण्यासाठीच शंभर वर्षांच्या कष्टांतून उभी राहिली होती.

तुमच्यापैकी अनेकांना वसतिगृहाच्या खर्चातून पैसे वाचवून हेडफोन किंवा स्पीकर घ्यायचा असेल. मानकाप्रमाणे बनलेली, टोके घट्ट बसणारी साधी नेटवर्क केबल घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या हेडफोनवर किंवा एखाद्या मैफिलीच्या तिकिटावर खर्च करा. आणि केबल मुरल्याचे कोणी सांगितले तर त्याला खोटारडा म्हणू नका. हेगार्थ यांनी लाकडी कांडी घेऊन रुग्णापाशी बसून पाहिले, तसे तुम्हीही त्याच्या शेजारी बसा, केबल झाका आणि दोघांनी मिळून ऐका.

स्वाध्याय

१. व्हाइटहाउस आणि थॉमसन यांच्या मतभेदात 'अनुभव' आणि 'मोजमाप' यांचे स्थान काय होते? केबलच्या आजच्या वादाशी त्याची तुलना करा.

२. 'बर्न-इन' या शब्दाचा अर्थ उद्योगातून घरात येताना कसा बदलला ते लिहा. अशा रीतीने अर्थ बदललेला दुसरा एखादा तांत्रिक शब्द शोधा.

३. दहा फेऱ्यांच्या चाचणीत अंदाजाने नऊ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता काढा.

४. तुमच्या घरी किंवा गावात वस्तू 'मुरण्या'विषयी असलेली एक समजूत निवडा. ती तपासण्यासाठी अंध चाचणी कशी आखाल?